हॉर्नबी रोडची पडवी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संत येतात, शूर येतात, राजकारणाचे डावपेच येतात आणि अधूनमधून ज्ञानेश्वरीही येते. अशा ठिकाणी एका बाजारी रस्त्याला आणून उभे करायचे म्हणजे थोडे धाडसच. पण किल्ल्यांवर आपण इतके बोलतो, तर ज्या किल्ल्याच्या भिंती पाडून त्या जागी पेढ्या आणि दुकाने उभी राहिली, त्या किल्ल्याचा विचार एका संध्याकाळी करायला हरकत नसावी. तो किल्ला मुंबईचा आणि तो रस्ता जुना हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा डॉ. दादाभाई नवरोजी मार्ग.

आपल्यापैकी बहुतेकजण त्या रस्त्याने गेलेले आहेत. बोरीबंदरला गाडीतून उतरायचे आणि हुतात्मा चौकाकडे चालत सुटायचे, हा मुंबईत कामासाठी येणाऱ्या माणसाचा नेहमीचा क्रम. महात्मा फुले मंडईपासून हुतात्मा चौकापर्यंत हा रस्ता अवघा दीड-पावणेदोन किलोमीटरचा आहे. आपण घाईने चालतो, नजर घड्याळावर आणि हात खिशावर. डोक्यावर छत आहे, ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, एवढे जाणवते. पण ते छत तिथे का आहे, कोणी घातले, कोणाच्या खर्चाने घातले, हा प्रश्न मनात येत नाही. आजचे माझे सगळे बोलणे त्या छताविषयी आहे.

आरंभ थोडा मागून करू. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या वखारीभोवती तट बांधला. त्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. तटाबाहेर खंदक, आणि खंदकापलीकडे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवलेले विस्तीर्ण मैदान. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याच मैदानाची उरलेली शकले होत. शत्रू दिसावा म्हणून राखलेल्या जागेवर पुढे क्रिकेट रंगले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा. मराठ्यांची भीती संपली, फ्रेंचांची भीती संपली, आणि तट नुसता अडगळ होऊन बसला. आत वस्ती दाटलेली, हवा कोंडलेली, खंदकात घाण. अखेर सर बार्टल फ्रिअर हे १८६२ साली गव्हर्नर होऊन आले आणि तट पाडण्याचे काम सुरू झाले.

वेळ मोठी विलक्षण होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध थांबले आणि पूर जसा आला तसा ओसरला. कित्येक पेढ्या बुडाल्या. पण तट पडले ते पडलेच, आणि रस्ते आखले गेले ते राहिले. तटाच्या पश्चिम बाजूच्या आतून जाणारा जो चिंचोळा मार्ग होता, तो रुंद होऊन प्रशस्त हमरस्ता झाला. अठराव्या शतकात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीचे नाव त्याला होते, ते तसेच राहिले. जिथे चर्च गेट होते, त्या जागी १८६४ साली फ्लोराचे कारंजे बसले. दरवाजा गेला आणि पाणी आले. मुंबईच्या नव्या युगाचे याहून चांगले चिन्ह शोधूनही सापडणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रस्ता रुंद झाला म्हणजे तो सुंदर होतो असे नाही. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जमिनी मक्त्याने जाणार, आणि प्रत्येक मक्तेदार आपल्या ऐपतीप्रमाणे नि हौसेप्रमाणे बांधणार. पारशी शेठजींना एक घाट आवडणार, विलायती विमा कंपनीला दुसरा, भाटिया व्यापाऱ्याला तिसरा. अशा वेळी सरकारपुढे दोन वाटा असतात. एक, सगळ्यांना एकाच साच्याची इमारत बांधायला लावणे. दुसरी, ज्याला जे सुचेल ते करू देणे. पहिल्या वाटेने बराकी तयार होतात आणि दुसऱ्या वाटेने गोंधळ. १८९६ साली हॉर्नबी रोडसाठी जो नियम झाला, तो या दोहोंच्या मधून गेला. नियम इतकाच, की रस्त्यावर तोंड असलेल्या प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर, दुकानांच्या पुढे, पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग मार्ग ठेवला पाहिजे.

या एका ओळीत केवढे शहाणपण आहे पहा. खालची जागा चालणाऱ्याची आणि तिच्यावरची जागा मालकाची. मालकाला वरच्या मजल्यांवर कचेऱ्या भाड्याने देता येतात, म्हणून तो कुरकुरत नाही. दुकानदाराच्या काचेपुढे लोक सावलीत उभे राहतात, म्हणून तोही खूश. आणि ज्याच्याकडे ना इमारत ना दुकान, त्या तिऱ्हाईत वाटसरूला फुकटात छत मिळते. मुंबईचा पाऊस एका हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पावसाळ्याचे चार महिने ते छत म्हणजे काय चीज आहे, हे छत्री विसरलेल्या कारकुनाला विचारावे.

आणि ही कल्पना आपल्याला परकी तरी कुठे आहे? आपल्या घराला पडवी असते, ओटी असते. पडवी म्हणजे घर आणि रस्ता यांच्यामधली जागा. ती मालकीची असते, पण तिथे बसलेल्या वाटसरूला कोणी हुसकत नाही. उलट गूळपाणी विचारतो. हॉर्नबी रोडच्या कमानी म्हणजे एका अख्ख्या बाजारपेठेची सामाईक पडवी. नियम इंग्रजाने केला, पण त्यातला विचार कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला समजावून सांगावा लागला नसता.

कमानीच्या वर मात्र ज्याची त्याची मर्जी. म्हणून या रस्त्याने चालताना घाटांची अशी काही गर्दी भेटते, की शिल्पकलेचा ग्रंथच कोणी रस्त्यावर उलगडून ठेवला आहे असे वाटावे. आपण उत्तरेकडून निघू. आरंभी विल्यम एमर्सनने आखलेली १८६९ सालची क्रॉफर्ड मंडई, आजची महात्मा फुले मंडई. तिच्या दारावरची शेतकऱ्यांची कोरीव चित्रे लॉकवुड किपलिंग यांच्या हातची. ते जवळच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवीत. पुढे अंजुमन-इ-इस्लामची शाळा, मुसलमानी घाटाच्या घुमटांची. मग टाइम्स ऑफ इंडियाची इमारत, विसाव्या शतकाच्या आरंभीची. समोर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचे बोरीबंदर, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधलेले. त्याच्या भिंतींवरचे मोर, वानर, पाने, फुले यांच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. पलीकडे त्याच स्टीव्हन्सची महापालिकेची इमारत, १८९३ साली पुरी झालेली. व्यंकू बाळाजी कालेवार नावाच्या कंत्राटदाराने ती बांधली, आणि मंजूर अंदाजापेक्षा कमी खर्चात बांधली. सभेत कोणी नगरसेवक बसले असतील तर त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा ऐकावे.

बोरीबंदरासमोर १८७९ साली गेटी थिएटर उघडले. पुढे त्याचे कॅपिटॉल झाले. तिथून दक्षिणेला वळलो की खरी बाजारपेठ लागते. १८९८ सालचे जे. एन. पेटिट वाचनालय, उंच टोकदार खिडक्यांचे, बाहेरून प्रार्थनामंदिर भासावे असे. त्याच रस्त्यावर १८८१ सालची वाच्छा अग्यारी. तिच्या दारावर पंखांचे, माणसाच्या तोंडाचे बैल पहारा देत आहेत, प्राचीन इराणची आठवण ठेवणारे. मधे मधे विमा कंपन्या, प्रवासी कंपन्या, चष्मेवाले, पुस्तकांचे प्रकाशक. कुठे ग्रीक खांब, कुठे व्हेनिसच्या खिडक्या, कुठे राजपुती छज्जा. एका इमारतीचे दुसरीशी तोंडावळ्यात साम्य नाही. पण खालची कमान सगळ्यांना हाताला धरून उभी करते. दिंडीत प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो, पण टाळ एका ठेक्यात पडतो, तसे.

दगडही इथलाच. कुर्ल्याच्या खाणीतला आणि मालाडचा पिवळसर दगड, आणि नाजूक कोरीव कामासाठी पोरबंदरहून गलबतांनी आलेला मऊ पांढरा दगड. घाट विलायतेचा, दगड सह्याद्रीच्या पायथ्याचा, छिन्नी इथल्या पाथरवटाची. या इमारतींना केवळ परकीय म्हणून हिणवणाऱ्याने हा हिशेब ध्यानात घ्यावा.

विसावे शतक उजाडले आणि या रस्त्याला नवे अवयव फुटले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याने दाट वस्तीचे धोके सर्वांना पटवले, आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नवे रस्ते, नव्या जागा, हवा खेळती हवी हा नवा मंत्र. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. याआधी घोड्यांची ट्राम होती. विजेमुळे बाजारपेठेचा दिवस लांबला. दिवेलागणीनंतरही काचेआडचा माल दिसू लागला, आणि खरेदी ही गरज राहिली नाही, ती करमणूक झाली. लोखंडी तुळया आल्या, म्हणून कमानी रुंद झाल्या आणि काचा मोठ्या झाल्या. उद्वाहक आले, म्हणून वरच्या मजल्यालाही भाडे येऊ लागले. जवळच जॉन बेग यांनी आखलेले मोठे टपाल कार्यालय १९१३ साली पुरे झाले. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. व्यापाराला लागते काय? रेल्वे, टपाल, ट्राम, विमा, पेढी आणि डोक्यावर छत. हे सर्व हाकेच्या अंतरावर एकत्र आले, तेव्हा हॉर्नबी रोड हा हिंदुस्थानातला एक पहिल्या प्रतीचा बाजार झाला.

बाजार कोणाचा, हा प्रश्न मात्र इथे विचारलाच पाहिजे. नाहीतर आपण नुसते दगडांचे भाट ठरू. या कमानींखाली व्हाइटअवे लेडलॉ, इव्हान्स फ्रेझर यांसारखी भव्य विलायती दुकाने होती. कापड मँचेस्टरचे, सुरी शेफील्डची, टोपी लंडनची. गिरणगावातला कामगार त्या काचेपुढून जाऊ शकत होता, पण आत शिरण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. या देशाची संपत्ती कशी वाहून जाते, याचा हिशेब आकड्यांनी मांडणारे पुरुष म्हणजे दादाभाई नवरोजी. त्यांचा तो ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला. काव्यगत न्याय पहा: ज्या रस्त्यावर विलायती माल मांडला जात होता, त्याच रस्त्याला पुढे संपत्तीच्या अपहाराचा हिशेब ठेवणाऱ्या दादाभाईंचे नाव मिळाले, आणि रस्त्याच्या दक्षिण टोकाला ते पुतळ्याच्या रूपाने बसले आहेत.

न्याय एवढ्यावरच थांबला नाही. १९०६ साली स्वदेशीच्या लाटेतून मुंबईत स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघाले, त्यात लोकमान्य टिळकांचा पुढाकार होता. व्हाइटअवे लेडलॉच्या वास्तूत पुढे खादी भांडार आले आणि मँचेस्टरच्या कापडाच्या जागी चरख्याचे सूत विकले जाऊ लागले. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, आणि ते याच रस्त्यावरच्या आनंद भवन व बुद्ध भवन या वास्तूंत नांदले. दिवसा नोकरी करून शिकणारी गरिबांची मुले सकाळच्या वर्गांना त्याच कमानींखालून जात. ज्यांच्या आजोबांना त्या काचेत डोकवायलाही संकोच वाटला असता, त्यांचे नातू वरच्या मजल्यावर कायदा नि अर्थशास्त्र शिकले. आणि दक्षिण टोकाचा तो चौक? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी तिथे गोळ्या झेलल्या गेल्या. फ्लोराच्या कारंज्याशेजारी मशाल उभी आहे. इमारती ज्यांनी बांधल्या त्यांच्याच हेतूच्या बंदीवान होऊन राहत नाहीत, ही गोष्ट हा रस्ता आपल्याला शिकवतो.

इथवर सगळे गोड झाले. आता कडू भाग. स्वातंत्र्याच्या आगेमागे, १९४७ साली, मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. युद्धकाळातल्या टंचाईत गोरगरिबांना घराबाहेर काढू नये हा त्याचा हेतू, आणि हेतू निर्मळ होता. भाडी १९४० च्या पातळीला गोठवली गेली. पण टंचाई सरली तरी भाडी गोठलेलीच राहिली, आणि कायदा जसा खोलीतल्या विधवेला लागू, तसा हमरस्त्यावरच्या कचेरीलाही लागू. परिणाम काय झाला? मालक म्हणतो, "एवढ्या भाड्यात चुन्याचे पोतेही येत नाही, दुरुस्ती कसली करू?" भाडेकरू म्हणतो, "इमारत माझी नाही, मी का खर्च करू?" दोघांचेही तर्कशास्त्र बिनतोड, आणि दोघांच्या डोक्यावर तेच गळके छत. दगडाच्या सांध्यात पिंपळ रुजतो, तुळईला गंज चढतो. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरा म्हणजे पिंपळ.

हे नुसते सौंदर्याचे नुकसान नव्हे. जुलै २०२० मध्ये, भर पावसात, टपाल कार्यालयाजवळची भानुशाली इमारत अंशतः कोसळली आणि माणसे दगावली. फोर्टातलीच, काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल. तिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंचा चित्रपट हिंदुस्थानात प्रथम दाखवला गेला. ती ओतीव लोखंडाची दुर्मीळ वास्तू इतकी जर्जर झाली, की २०१९ साली भाडेकरूंना बाहेर काढावे लागले. वारशाच्या गोष्टी आपण करतो, तेव्हा त्या छताखाली कोणी माणूस टेबलाशी बसून काम करतो आहे, हे आधी आठवावे.

दुसरे संकट पाट्यांचे. १९७० नंतर नरिमन पॉइंटला उंच इमारती उठल्या, मोठ्या कंपन्या तिकडे गेल्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आले. मागे राहिलेल्या दुकानदारांना वाटले, गिऱ्हाईक टिकवायचे तर पाटी मोठी हवी. एकाने चार फुटांची लावली, दुसऱ्याने आठ फुटांची, तिसऱ्याने सगळी कमानच झाकून टाकली. सगळेच ओरडू लागले म्हणजे कोणाचेच ऐकू येत नाही, हे लग्नाच्या पंगतीत आपण पाहतो. खाली पडवीत पथाऱ्या पसरल्या. पथारीवाल्यावर माझा राग नाही. त्याच्या चुलीचा प्रश्न खरा आहे, आणि ज्या गावात गरिबाला बसायला जागा नाही, ते गाव त्याला पडवीतून कुठे हाकलणार? परंतु ती जागा चालणाऱ्याची आहे. म्हातारा माणूस आणि कडेवर मूल घेतलेली बाई जर तिथून चालू शकत नसेल, तर १८९६ चा करार मोडला. त्याला बसायला दुसरी रीतसर जागा द्यायची आणि पडवी पादचाऱ्याला परत करायची, ही दोन्ही कामे बरोबरच झाली पाहिजेत.

आणि तरीही, मंडळी, निराश होण्याचे कारण नाही. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियम झाले. शहरातल्या वास्तूंना संरक्षण देणारे अशा तऱ्हेचे ते देशातले पहिले नियम. त्यांत हा रस्ता आला. मग शतकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी रस्त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि पाट्या कुठे, केवढ्या, कशा असाव्यात याची आखणी मांडली. पाटी कमानीच्या आत बसवा, कमान झाकू नका; एवढे साधे तत्त्व. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे काम नुसत्या हुकमाने झाले नाही. दुकानदारांशी आणि भाडेकरूंशी बोलून, एकेकाला पटवून झाले. पाटी लहान केली म्हणून धंदा बुडत नाही, उलट शेजाऱ्याचीही लहान झाली की आपली दिसते, हे व्यापाऱ्याला एकदा कळले की तो आपणहून पुढे येतो. पाट्या उतरल्या आणि खालून कित्येक वर्षे न दिसलेल्या कमानी निघाल्या. २००४ साली युनेस्कोनेही या कामाची दखल घेतली. भाडेकायदाही १९९९ साली नव्याने झाला. दुरुस्तीचा खर्च कोणी किती उचलायचा, ही गाठ मात्र पुरती सुटलेली नाही. मालक, भाडेकरू आणि नगरपालिका या तिघांनी तो वाटून घेतल्याखेरीज ती सुटणारही नाही. वारसा सर्वांचा आणि बिल एकट्याचे, असा व्यवहार कुठल्याच बाजारात टिकत नाही.

तुम्ही म्हणाल, हे मुंबईचे झाले. आमच्या गावाला याचे काय? माझे मागणे असे आहे. आपल्या गावच्या जुन्या पेठेतही लाकडी खांबांची, पुढे ओटा असलेली दुकाने आहेत. कुठे नक्षीचा सज्जा आहे, कुठे शंभर वर्षांपूर्वीचे साल दरवाजावर कोरलेले आहे. एकेक करून त्यांच्या जागी काचेचे नि पत्र्याचे दर्शनी भाग उभे राहत आहेत. सगळेच राखा असे मी म्हणत नाही; घर माणसासाठी असते, माणूस घरासाठी नसतो. पण आपल्या पेठेचा एक नियम कोणता, ज्याने ती एकमेकांशी बांधलेली होती? ओट्याची उंची? पुढची सावली? दुकानांच्या ओळीतली सरळ रेघ? तो नियम ओळखा आणि तेवढा धरून ठेवा. बाकीचे ज्याला जसे हवे तसे बांधू द्या. हॉर्नबी रोडने शंभरांहून अधिक वर्षे याच युक्तीवर आपला संसार चालवला.

शहराची श्रीमंती इमारतींच्या उंचीवरून मोजण्याचे दिवस आहेत. माझी मोजपट्टी वेगळी आहे. ज्याला काही विकत घ्यायचे नाही, अशा माणसाला त्या बाजारात पावसात किती लांबवर कोरडे चालता येते, ते मी पाहतो. हॉर्नबी रोडने त्या माणसाला अर्ध्या कोसाची पडवी दिली. ती मोकळी राखणे आणि वरचे छत कोसळू न देणे, हे देणे आता आपल्याकडे आहे.